शांभवीचा पाट

“...मग त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कशी राहू देऊ, माई?”

दिगंबरराव विचारत होते खरे, पण उत्तर त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. नदीकाठच्या त्या मठात माईंकडे येणारे बरेचसे असेच येतात.

त्यांची एकुलती एक लेक, रेवती, तापाने गेली. तेव्हापासून तिच्या खोलीला कुलूप होतं. आतली उशीसुद्धा हलू दिलेली नाही, हे ते मान ताठ ठेवून सांगत होते. आता बहीण वारली आणि भाची कायमची राहायला आली. ती पोर स्वयंपाकघरात अंथरूण टाकत होती, आणि बायकोने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

“ती जागा रेवतीची आहे. रिकामीच राहील.”

माईंनी वाद घातला नाही. आधी जेवून घ्या, एवढंच म्हणाल्या.

पंगत भरली होती. वाढणारी शिष्या त्यांना म्हणाली, “शांभवीच्या पाटावर बसा.”

माईंशेजारचा एक पाट मोकळा होता. दिगंबरराव बसले, पण अंग चोरून. दोन घास झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “शांभवीताई कधी येतील? माझ्यामुळे त्यांचा खोळंबा नको.”

वाढणारीने माईंकडे पाहिलं.

“ती नाही यायची,” माई म्हणाल्या. “पुरात गेली. माझ्या हाताखाली वाढलेली पोर.”

दिगंबरराव चटकन उठायला लागले. माईंनी मनगट धरून त्यांना खाली बसवलं.

“माझ्यासारख्या परक्याला तिच्या जागेवर...”

“रोज कुणीतरी बसतं. काल बोहारीण बसली होती.”

“आणि तुम्हाला ते सोसतं?”

“नाही सोसत. पण पाट मांडला की रोज तिचं नाव निघतं.”

“तुमच्या घरी रेवतीचं नाव कोण घेतं?” माईंनी विचारलं.

दिगंबररावांनी हातातला घास ताटात ठेवला. ते नाव घरात काढायचं नाही, ही ताकीद त्यांचीच होती. तसं त्यांनी सांगितलं. मग ते ताटावर मान घालून रडले. पंगत जेवत राहिली.

निघताना ते दारात घुटमळले. भाचीला काय सांगू, म्हणाले.

माई पाट उचलून भिंतीला लावत होत्या. शांभवीचा पाट त्यांनी पदराने पुसला.

“सांगा, ‘बाळ, रेवतीच्या खोलीत नीज.’”