म्हाताऱ्या कालवाच्या पाठीवर

फार फार वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी, एका काळ्या खडकाला एक म्हातारं कालव चिकटून राहत होतं. एका भरतीला मोहरीहून बारीक असं कालवाचं पिल्लू गटांगळ्या खात तिथं आलं. त्याचे पोहायचे दिवस संपले होते. आता कुठंतरी कायमचं चिकटायचं, नाहीतर तळच्या चिखलात गुदमरून मरायचं.

"इथं बसू का?" त्यानं खडकावरच्या तरण्या कालवांना विचारलं.

"छे, आम्हालाच जागा पुरत नाही!" त्यांनी शिंपले मिटून घेतले.

तेवढ्यात ओहोटी लागली. पिल्लू चिखलाकडे ओढलं जाऊ लागलं, तशी म्हाताऱ्याच्या काळजात कालवाकालव झाली.

"ये बाळा, माझ्या पाठीवर टेक. पण एकदा चिकटलास की सुटणं नाही, बरं का!"

पिल्लू घट्ट चिकटलं.

पावसाळ्यामागून पावसाळे गेले. पिल्लाचं कवच वाढत गेलं. भरतीला घास घ्यायला शिंपला उघडताना म्हाताऱ्याला आता धाप लागायची.

"काय आजोबा, जड होतंय ना?" शेजारच्या कालवानं विचारलं.

"होतंय तर!" म्हातारं कौतुकानं म्हणालं. "लेकरू अंग धरतंय माझं."