बोटभर फट

"दोन टेबलांवर एकच कापड... हे कशासाठी, योस्टबाबा?"

कास्पर दारातच उभा होता. टोपी डोक्यावर तशीच, बुटांवरचा बर्फही झटकलेला नाही.

योस्टबाबा तळहाताने कापडाची सुरकुती सारखी करत होते. ते विणकर होते आणि हे कापड त्यांच्याच मागावरचं होतं.

"जेवणासाठी," ते म्हणाले.

"कोण कोण जेवणार?"

"मी, उर्सुला. तू बसलास तर तू."

"आणि त्या टेबलावर?"

"लिनहार्ट."

कास्परने चुलीकडे पाहिलं. चुलीजवळच्या बाकावर एक माणूस बसला होता. दोन्ही हात त्याच्या मांडीवर पडले होते, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. त्याने मान वर केली नाही.

हे लोक कोण, ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. पाचशे वर्षांपूर्वी आल्प्सच्या डोंगरांत काही माणसं उठली आणि म्हणाली, पाळण्यातल्या पोराच्या डोक्यावर पाणी ओतून कुणी ख्रिस्ताचं होत नाही. ज्याला कळतं त्याने स्वतःच्या तोंडाने मागावं आणि मग बाप्तिस्मा घ्यावा. एवढ्यावर थांबते तर कदाचित निभावलं असतं. पण ते पुढे म्हणाले, आम्ही तलवार धरणार नाही. आणि शपथ घेणार नाही. हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, उगाच देवाला साक्षीला ओढायचं नाही.

त्या मुलखात दरसाल गावच्या पुरुषांनी चौकात जमायचं, उजवा हात वर करायचा आणि सरकारशी इमान राखायची शपथ घ्यायची, असा रिवाज होता. हे लोक हात खाली ठेवून उभे राहत. राज्य करणाऱ्यांना एक वेळ चोर परवडतो, खाली राहिलेला हात परवडत नाही. मग त्यांना पकडून नदीत बुडवत. पाणी हवं होतं ना, घ्या पाणी, असं म्हणून काठावर हसायलाही माणसं जमत.

कास्परचा थोरला भाऊ मेल्खियोर या हिवाळ्याआधीच्या शरदात असा बुडवला गेला होता.

त्याचं नाव सरकारला लिनहार्टने सांगितलं होतं.

"त्याला वाळीत टाकलंय ना?" कास्परने विचारलं.

"टाकलंय."

"मग नियम?"

"नियम तुला पाठ आहे. म्हण."

कास्परला सगळंच पाठ होतं. शहरात पाद्र्यांच्या विद्यालयात तो ग्रीक शिकला होता आणि ते सोडून या डोंगरात आला होता. वादात त्याचा हात धरणारा मंडळीत कुणी नव्हता. येत्या रविवारी त्याला उपदेशक नेमावं, असं मंडळीतल्या धर्मभावांच्या मनात घोळत होतं. ते त्याच्या कानावर आलेलंही होतं.

"वाळीतला माणूस मंडळीसमोर चूक कबूल करीपर्यंत," तो म्हणाला, "कुणी त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवू नये. त्याच्या हातचं घेऊ नये. त्याच्या ताटाला हात लावू नये."

"बरोबर. कापडाचा कोपरा उचल."

कास्पर पुढे आला. त्याने कोपरा उचलला. दोन टेबलांच्या मध्ये फट होती.

"बोट घालून बघ," योस्टबाबा म्हणाले. "बोटभर आहे. एक टेबल नाही ते, दोन आहेत."

"ही पळवाट आहे."

"हो."

"तुम्ही नियमाची थट्टा करताय, बाबा."

"नियम कशासाठी आहे, ते सांग. तू शिकलेला आहेस."

"त्याला लाज वाटावी म्हणून."

"आणि?"



"...आणि तो परत यावा म्हणून."

"तो परत आलाय. आता त्याला फार लांब कशाला बसवू?"

कास्परने कोपरा हातातून सोडला. त्याचा राग काही खोटा नव्हता. भावाचं प्रेतही त्याला मिळालेलं नव्हतं. नदीने ते कुठे नेलं, ते नदीलाच ठाऊक.

"मी जेवायला आलेलो नाही," तो म्हणाला. "याला आत्ताच्या आत्ता खाली पाठवा."

"या बर्फात?" उर्सुला चुलीपासून वळून म्हणाली. ती योस्टबाबांची बायको. पुरुषांच्या वादात सहसा पडत नसे. "खिंडीपर्यंतसुद्धा पोचायचा नाही हा. दुपारपासून त्याच्या पोटात काही नाही."

"का? तुम्ही वाढलं नाही?"

"वाढलं होतं."

ती परत चुलीकडे वळली. पातेल्यात डाव फिरवत राहिली.

"मेल्खियोर नदीपर्यंत पोचला," कास्पर म्हणाला. "यानेच पोचवला. हा खिंडीत पडला तर मी रडणार नाही."

लिनहार्ट बाकावरून उठू लागला. हातांचा आधार घेता येत नव्हता, म्हणून आधी पुढे वाकला, मग पाय ताणले.

"जातो मी, बाबा," तो म्हणाला. "याचं बरोबर आहे."

"बस खाली."

तो बसला.

"ठीक आहे," कास्पर म्हणाला. "मग रविवारी सगळ्या भावांसमोर मी उभा राहीन. योस्टबाबांनी नियमाला भोक पाडलं, हे सांगेन. तुम्हालाही त्याच टेबलावर बसवतील."

"सांग," योस्टबाबा म्हणाले. "खरंच आहे ते."

तेवढ्यात बाहेर कुत्रा भुंकला.

सगळे जिथल्या तिथे थांबले. उर्सुलाने चुलीचं दार लोटलं आणि खोलीतला उजेड गेला. खिडकीतून फक्त संध्याकाळचा निळसर बर्फ दिसत होता. सरकारचे शिपाई असेच दिवेलागणीला यायचे, माणसं घरी सापडतात म्हणून. तुरुंगातून सोडलेल्या माणसाच्या मागावर राहायचं आणि तो कुठल्या घरी शिरतो ते पाहायचं, ही त्यांची जुनी रीत होती. लिनहार्ट दुपारी उजेडात चालत आला होता, हे आता प्रत्येकाला आठवलं.

खालच्या वाटेने घुंगरं वाजली. जवळ आली...

मग लांब गेली.

"मीठवाल्याची गाडी," उर्सुला म्हणाली आणि तिने चुलीचं दार उघडलं.

कास्पर भिंतीला पाठ लावून उभा होता. इथे तो कधी आला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"घाबरलास?" योस्टबाबांनी विचारलं.

"नाही."

"मी घाबरलो."

कास्पर भिंतीपासून पुढे सरकला. टोपी नीट केली.

"ते आत आले असते," योस्टबाबा म्हणाले, "आणि याला सोडून तुला नेलं असतं. मग?"

"मी बोललो नसतो."

"मलाही तसंच वाटायचं," लिनहार्ट म्हणाला.

"तू गप्प बस."

"बोलू दे त्याला," योस्टबाबा म्हणाले. "वाळीतल्याशी जेवायचं नाही. ऐकायला बंदी नाही."

लिनहार्ट हळू बोलत होता. त्याच्या आवाजात स्वतःची कीव नव्हती, त्यामुळे ऐकणं जास्त जड जात होतं.

"हात पाठीमागे बांधतात. दोर आढ्याच्या कडीतून घेतात आणि वर ओढतात. पहिल्यांदा ओढलं तेव्हा मी प्रार्थना म्हटली. दुसऱ्यांदा नुसता ओरडलो. मग पायांना दगड बांधला."

"आणि मेल्खियोरचं नाव दिलंस."

"दिलं."

"आणि शपथ घेतलीस. ही मंडळी खोटी आहे, मी तिच्यात परत जाणार नाही, म्हणून."

"घेतली. हात वर कर म्हणाले. माझा हात वर जाईना. खांदे निखळले होते. मग एका शिपायाने कोपराला धरून तो वर केला."

त्याने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं.

"...शब्द मात्र मीच बोललो. ते कुणी माझ्या तोंडात घातले नाहीत."

उर्सुलाने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. योस्टबाबा कास्परकडेच पाहत होते.

"मंडळीने याला वाळीत कशासाठी टाकलं, माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं. "नाव दिलं म्हणून नाही. दोरावर लटकलेल्या माणसाच्या तोंडून काय निघतं, त्याचा न्याय आपण करत नाही, तो देवावर सोडतो. शपथेसाठी टाकलं. ती तो जमिनीवर उभा राहून बोलला."

"मला दोन्ही सारखंच."

"तुला असेल."

"मी मेलो असतो, बाबा. माझे हात मुळापासून उपटले असते तरी मेल्खियोरचं नाव..."

"तुला कसं ठाऊक?"

"ठाऊक आहे."

"बोललो असतो, की बोललो नसतो, एवढंच सांग. जास्त नको."

"बोललो नसतो."

"बरं."

इथे तो थांबला असता तर ही गोष्ट सांगायला मी बसलोच नसतो. पण योस्टबाबांच्या त्या 'बरं'मध्ये विश्वास नव्हता. निदान कास्परला तरी तो सापडला नाही. हुशार माणसाला शिवी चालते, कुणी नुसतं 'बरं' म्हटलेलं चालत नाही.

"तुम्हाला खरं वाटत नाही."

योस्टबाबांनी कापडाचा कोपरा पुन्हा सारखा केला.

"या माणसाच्या पंक्तीला तुम्ही मला बसवताय. मला. मी काय याच्यासारखा आहे?"



कास्पर दोन्ही टेबलांच्या समोर येऊन उभा राहिला. लिनहार्टकडे त्याने बोट केलं, मग ते बोट मिटलं आणि उजवा हात थेट वर गेला.

"देवाशपथ सांगतो," तो म्हणाला. "वर बसलाय त्या देवाची आणि माझ्या मेलेल्या भावाची शपथ. माझ्या तोंडून एक नाव निघालं नसतं."

चुलीत लाकूड तडकलं.

उर्सुलाच्या हातातला डाव पातेल्याच्या काठावर थांबला. लिनहार्टने पहिल्यांदाच मान वर करून कास्परकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत आनंद अजिबात नव्हता. भीती होती.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. जे शब्द बोलायचे नाहीत म्हणून थोरला भाऊ नदीत गेला, ते धाकट्याने उबेला उभं राहून फुकट देऊन टाकले. त्याला कुणी दोराला बांधलं नव्हतं. त्याचा कोपरही कुणी धरला नव्हता.

हात अजून वरच होता. कास्परने त्याच्याकडे पाहिलं. मग तो हळूहळू खाली आला.

"बाबा... मी..."

"ऐकलं आम्ही."

"रागात तोंडातून गेलं."

"त्याच्याही तोंडातूनच गेलं."

"शहरातली सवय आहे. तिथे सगळे उठता बसता..."

 आपण काय बोलतोय ते त्याच्या कानांपर्यंत आता पोचलं होतं. त्याने टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

"मेल्खियोरची," तो म्हणाला. "मी मेल्खियोरची घेतली..."

कुणी त्याला समजावलं नाही, कुणी दोष दिला नाही. रविवार, उपदेशकाची जागा, सगळं त्या एका वाक्यात गेलं होतं आणि ते त्याला पुरतं कळलं होतं. दार त्याच्या पाठीशी होतं, कडी न लावलेलं. तो निघून गेला असता तर त्याला कुणी अडवलं नसतं.

योस्टबाबा उठले. त्यांनी आपल्या शेजारी कास्परसाठी ठेवलेला लाकडी वाडगा उचलला, फटीवरून पलीकडे नेला आणि लिनहार्टच्या वाडग्याशेजारी ठेवला. चमचाही नेऊन ठेवला. मग परत येऊन आपल्या जागी बसले.

बराच वेळ कास्पर तसाच उभा होता. बुटांवरचा बर्फ वितळून जमिनीवर ओघळत होता.

मग तो बाकाच्या टोकाशी बसला. त्याच्यात आणि लिनहार्टमध्ये आणखी एक माणूस मावला असता.

उर्सुलाने चौघांना सातूचं कढण वाढलं. वाळीतल्यांना वाढताना तिने डाव वाडग्याला लागू दिला नाही. भाकरी तोडून कापडावर ठेवली. त्यांच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मनातल्या मनात प्रार्थना केली. कास्परची सगळ्यात लांबली.

त्याने डोळे उघडले तेव्हा लिनहार्ट टेबलावर वाकला होता. वाडगा तोंडाजवळ येत नव्हता, म्हणून तोंड वाडग्याजवळ नेत होता. हनुवटी काठाला लागली, वाडगा कलला आणि कढण कापडावर सांडलं. तो तसाच थांबला, सांडलेल्याकडे बघत. चमचा त्याच्या बोटांत होता, पण बोटं कापडावरून वर उठत नव्हती.

उर्सुलाने तोंड फिरवलं. दुपारीही तिने असंच फिरवलं होतं.

कास्पर योस्टबाबांकडे पाहू लागला.

योस्टबाबांनी आपला चमचा खाली ठेवला.

"त्याचा हात तोंडापर्यंत जात नाही, कास्पर. आणि त्याच्या वाडग्याला हात लावायची आम्हा दोघांना मुभा नाही... तुला आता आहे."