सहीसाठी पाच फेऱ्या

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही विज्ञानाचा एक विषय घ्यायचाच, असा नियम निघाला आणि शलाकाची तंगडतोड सुरू झाली. फॉर्मवर भौतिकशास्त्राच्या दाबके सरांची सही हवी होती, आणि सर रोज म्हणत, "उद्या ये."

चौथ्या फेरीला सर एका जर्नलवर लाल रेघा ओढत होते. समोरच्या मुलीला म्हणाले, "प्रयोग न करताच निष्कर्ष लिहितेस? याला विज्ञान म्हणत नाहीत."

मग शलाकाकडे वळले. "सनावळ्या पाठ करणाऱ्यांना हा विषय झेपत नाही. नापास होशील."

"सर, माझा प्रयोग अजून सुरूही झालेला नाही," शलाका म्हणाली. "निष्कर्ष मात्र तुम्ही लिहून टाकलात."

सरांनी हातातल्या लाल पेनानंच सही केली. लाल शाई चालत नाही म्हणून ऑफिसनं फॉर्म परत पाठवला.

पाचव्या फेरीला सर निळं पेन उघडूनच बसले होते.