मोगऱ्याचा पहिला मान

एका गावात एक भोळा बागवाला होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या बायका अजून रागात आहेत. बागवाल्याचं नाव भिकोपंत. बाग म्हणजे घरामागचा परस. त्यात दोन वाफे मेथीचे, मांडवावर पावट्याचा वेल आणि विहिरीच्या कडेला एक मोगरा.

भिकोपंत आळशी नव्हते. सांगितलेलं काम ते सांगितल्याबरहुकूम करायचे. पंचाईत एवढीच होती की, एकदा सांगितलेलं ते विसरत नसत. लहानपणी कुणीतरी त्यांना म्हणालं होतं की चांगल्या गोष्टीची खूणगाठ बांधावी. तेव्हापासून कुणी काही शिकवलं की भिकोपंत उपरण्याला एक गाठ मारत.

मोगरा त्यांच्या बायकोचा, वेणूबाईंचा. आईच्या दारातली फांदी त्यांनी माहेराहून आणून लावली होती. तीन वर्षं झाली, पानं उदंड, कळी एक नाही. समोरच्या काशीताई कुंपणावरून डोकावून विचारायच्या, "वेणूबाई, याची भाजी करता का हो?" वेणूबाईंना ते फार लागायचं.

मार्गशीर्षात माहेराहून निरोप आला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आई येतेय, तिला मोगरा बघायचाय. वेणूबाई हरखल्या आणि त्या भरात आळीतल्या सगळ्या बायकांना सांगून बसल्या, "यंदा प्रत्येकीच्या ओंजळीत आमच्या मोगऱ्याची फुलं!" घरी आल्यावर मात्र त्यांना ऐन थंडीत घाम फुटला.

"अहो," त्या भिकोपंतांना म्हणाल्या, "मोगरा फुलला नाही तर मला तोंड दाखवायला जागा नाही. आजपासून त्याचं पाणी तोडा. थंडीत तहान लागू दिली की वसंतात फुलतो म्हणतात."

"तहान लागू द्यायची," भिकोपंत म्हणाले आणि त्यांनी गाठ मारली.

मोगऱ्याचं पाणी त्यांनी तोडलं. बायकोच्या चेहऱ्यावरची काळजी त्यांना बघवत नव्हती, म्हणून मग मेथीचंही तोडलं. नुकती उगवलेली मेथी आठ दिवसांत आडवी झाली. भिकोपंत तिच्यापाशी उकिडवे बसून फुलायची वाट बघत होते.

वेणूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ही कोवळी रोपं! यांना जपायचं असतं. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. थंडी वाजू नये म्हणून वर गोणपाट घालायचं."

"असं होय! आधी नाही का सांगायचं," भिकोपंत म्हणाले आणि त्यांनी गाठ मारली.

पौष लागला. वेणूबाईंनी पावट्याचं बियाणं सोलून अंगणात चादरीवर पसरलं. पुढच्या वर्षीचं बी ते. जाताजाता त्या म्हणाल्या, "जरा जपा हं याला."

जपायचं कसं, ते भिकोपंतांना ठाऊक होतंच. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. वर गोणपाट घातलं. चौथ्या दिवशी बोटभर मोड आले. भिकोपंतांनी अभिमानाने बायकोला बोलावून दाखवलं. पुढे आठ दिवस घरात पावट्याची उसळ होती. आठव्या दिवशी तर मांजरही ताटाजवळ फिरकलं नाही.

"अहो, वाळत घातलेल्याला पाणी घालतात का?" वेणूबाई म्हणाल्या. "ते उन्हातून हलू द्यायचं नाही. आणि जवळ कुणी आलं तर काठी घेऊन हाकलायचं."

"हाकलायचं," भिकोपंत म्हणाले आणि त्यांनी गाठ मारली.

संक्रांत आली. वेणूबाई सकाळी न्हाल्या आणि केस वाळवायला अंगणात उन्हात बसल्या. भिकोपंतांनी ओटीवरून पाहिलं. त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि शेजारी येऊन उभे राहिले.

थोड्या वेळाने काशीताई आणि आणखी चौघीजणी तिळगूळ घेऊन फाटकातून आत आल्या.

"हाऽऽड!" भिकोपंत ओरडले. "लांब व्हा! वाळतंय!"

"अहो, काय करताय!" वेणूबाई उठायला लागल्या.

"तू उन्हातून हलायचं नाहीस," भिकोपंत म्हणाले आणि बायकांच्या मागे धावले. तिळगूळ सांडला. काशीताई इतक्या वेगाने पळतात हे आळीला त्या दिवशी कळलं. भिकोपंतांनी मात्र आपलं काम चोख केलं. दुपारपर्यंत एक चिमणीदेखील अंगणात उतरू दिली नाही.

वेणूबाई प्रत्येकीच्या घरी जाऊन माफी मागून आल्या. मग त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं. "नीट ऐका. दारात आलेल्याला हाकलायचं नसतं. हात जोडून या म्हणायचं. आहे ते पोटभर खाऊ घालायचं. लाजत असतील तर आग्रह करायचा, दोनदा, तीनदा."

"आग्रह तर आपली रीतच आहे," भिकोपंत म्हणाले आणि त्यांनी गाठ मारली. गाठी मारून मारून उपरणं आता पंचाएवढं उरलं होतं.

माघात रथसप्तमीला वेणूबाई देवळात गेल्या. घरी भिकोपंत एकटे. एवढ्यात आळीतल्या रखमाबाईच्या अकरा शेळ्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि आत बघायला लागल्या.

भिकोपंतांनी फाटक उघडलं. हात जोडले. "या, या. बाहेर का उभ्या?"

शेळ्या आल्या. त्यांना परसात नेलं. मेथी नव्हती, पावटा संपलेला. होता तो मोगरा. शेळ्यांनी एकदा मोगऱ्याकडे पाहिलं, एकदा भिकोपंतांकडे.

"लाजू नका," भिकोपंत म्हणाले. "आपलंच घर समजा."

दुसऱ्यांदा म्हणायची गरज पडली नाही.

वेणूबाई परतल्या तेव्हा मोगऱ्याच्या जागी चार काटक्या उभ्या होत्या. त्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून रडल्या, हमसून हमसून रडल्या. मग दोन दिवस त्यांनी नवऱ्याशी अबोला धरला. भिकोपंतांना काही सुधरेना. पाहुण्यांचं काही करायचं राहून गेलं असेल, असं त्यांना वाटलं. बिचारे तिसऱ्या दिवशी रखमाबाईकडे जाऊन शेळ्यांना 'जेवण नीट झालं ना' असं विचारूनसुद्धा आले.

पण मोगऱ्याची गोष्ट वेगळी. माघात त्याची छाटणी करावी लागते, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेळ्यांनी ती केली. वर लेंड्यांचं खतही टाकून गेल्या. वेणूबाईंनी वेडी आशा धरून पाणी सुरू केलं. फाल्गुनात काटक्यांना हिरवे डोळे फुटले. होळीनंतर पानं आली आणि चैत्र लागला तसा मोगरा कळ्यांनी लगडला. काशीताई कुंपणाशी यायच्या, बघायच्या आणि भाजीचं नाव न काढता परत जायच्या. तसं बघून वेणूबाईंना स्वर्ग दोन बोटं उरायचा. त्या पुन्हा हसायला लागल्या. भिकोपंतांना त्याहून जास्त काही नको होतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी आई आली. लेकीचा मोगरा पाहून म्हातारीचे डोळे भरले. "कुणाचा गं हा हातगुण?"

वेणूबाईंनी शेळ्यांची सगळी गोष्ट सांगितली. म्हातारी पोट धरधरून हसली. "मग आज पहिला मान शेळ्यांचाच म्हणायचा! त्यांनाच बोलवा आधी हळदीकुंकवाला!"

मायलेकी हसत हसत आत गेल्या. भिकोपंत ओटीवर बसले होते. सासूबाईंचा शब्द. त्यांनी गाठ मारायला उपरणं हातात घेतलं, पण त्यात गाठीपुरती जागा उरली नव्हती. विसरायला नको म्हणून ते तसेच उठले आणि लगेच निघाले.

संध्याकाळी सगळी आळी जमली. गौर सजली होती. आंबेडाळ झाली, पन्हं झालं. कळ्या तिन्हीसांजेला उमलतात, म्हणून वेणूबाईंनी फुलं झाडावरच ठेवली होती, सगळ्यांदेखत तोडायला. त्यांनी परडी घेतली. "चला," त्या काशीताईंकडे बघून म्हणाल्या. पुढे वेणूबाई, मागे आई, त्यांच्या मागे वीस-पंचवीस बायका.

परसात अकरा शेळ्या होत्या. प्रत्येकीच्या कपाळाला हळदकुंकू होतं. मोगऱ्याच्या जागी चार काटक्या होत्या. शेवटचं फूल एका शेळीच्या ओठातून डोकावत होतं. तिच्यासमोर भिकोपंत हात जोडून उभे होते. "घ्या ना. एवढं एक तरी घ्याच. माझ्यासाठी."

शेळीने घेतलं.

वेणूबाईंच्या हातातली परडी खाली पडली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते पाहून भिकोपंत धावत बायकोजवळ आले.

"अगं, रडतेस काय वेडे?" ते म्हणाले. "माघात मी एकदाच आग्रह केला, तर एवढी फुलं आली. आज प्रत्येकीला तीन-तीनदा केलाय!"