चिमी मुंगीची चपटी भाकरी

समुद्राकाठी एक गाव. गावात शेगुलाआजीचं घर. घराच्या भिंतीत राहायची चिमी मुंगी.

चिमीकडे होता पावाचा कण. एवढुस्सा!

आज पेसाह, ज्यू लोकांचा सण. या सणाला घरात फुगलेला पाव ठेवायचा नाही. आजीने घर झाडलं. सळ सळ सळ! चिमीचा कणही गेला.

चिमी रडू लागली.
"आजी गं आजी, माझा कण गेला. भाकरी दे."

आजी म्हणाली, "अगं बाई! तुझा होता होय? सणाची चपटी भाकरी करीन, तुला देईन. पण परातीला कल्हई नाही. पीठ कशात मळू? जा, कासमचाचाला सांग."

चिमी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"कासमचाचा, कल्हई करा.
कल्हई नाही तर भाकरी नाही.
चिमी उपाशी!"

चाचा म्हणाले, "करीन की! पण माझा कातडी भाता वाळलाय. फुंकतच नाही. त्याला तेल हवं. जा, सामाजी तेल्याला सांग."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"सामाजीकाका, तेल द्या.
तेल नाही तर कल्हई नाही.
कल्हई नाही तर भाकरी नाही.
चिमी उपाशी!"

काका म्हणाले, "देईन की! पण घाणा फिरत नाही. परवा शनिवार होता, आम्हा ज्यू लोकांची सुट्टी, बैलाचीसुद्धा. आज सोमवार, तरी बसलेत लाटसाहेब! जा, तूच सांग त्याला."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"ढवळ्यादादा, घाणा फिरव.
घाणा नाही तर तेल नाही.
तेल नाही तर कल्हई नाही.
कल्हई नाही तर भाकरी नाही.
चिमी उपाशी!"

ढवळ्या म्हणाला, "फुर्र! फिरवीन की! पण कानात कुसळ गेलंय. टोचतंय गं. काकांचं बोट जाड. आत जातच नाही."

आता कोणाला सांगायचं? चिमीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.

"थांब. मीच जाते!"

चिमी कानात शिरली. ओढलं, ओढलं, ओढलं... टुप! कुसळ बाहेर!

ढवळ्या उठला.
घाणा फिरला, कुर्र कुर्र.
तेल आलं, ठिप ठिप.
भाता फुंकला, फुस्स फुस्स.
परात चमकली, लख लख.
आजीने पीठ मळलं. भाकरी लाटली. तव्यावर टाकली.

संध्याकाळ झाली. घर माणसांनी भरलं. सामाजीकाका आले, कासमचाचा आले. सगळ्यांनी मिळून गाणी म्हटली.

आजीने भाकरी मोडली. कुडुम!

"आधी माझ्या चिमीला," आजी म्हणाली. "हा घे एक कण, सणाचा. आणि हा दुसरा, मी झाडून टाकला त्याचा."

चिमीचं पोट भरलं, गोष्टीचंही भरलं.