किल्लेदाराची टाच

किल्लेदार रंभाजीरावांची टाच ठणकत होती, पण ते कोणाला हात लावू देईनात. म्हाळसा वैदिणीवर ते गरजले, "अंगातलं दुखणं कायमचं बंद कर, नाहीतर गड सोड!"

ती म्हणाली, "करते, सरकार. अंगात पुन्हा कधीच काही दुखणार नाही. पण आधी काल शिंग फुंकून तुमची वामकुक्षी मोडणाऱ्या पहारेकऱ्याचा कडेलोट करा."

"वेडी की काय? त्याच्यामुळेच तर गवताच्या गंजीची आग वेळेवर कळली! चांदीचं कडं दिलंय मी त्याला."

"मग टाचेतल्या पहारेकऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

किल्लेदारांनी पाय पुढे केला. बाभळीचा काटा निघाला, ठणका थांबला.

म्हाळसा हसली. "टाचेतल्या पहारेकऱ्याला कडं चढायचं नाही, सरकार. त्याचं मला चालेल."