खालच्या मंडळींची पाटी

फार उत्तरेला, जिथे हिवाळ्यात समुद्रसुद्धा गोठतो, तिथल्या एका बेटावर एक गाव होतं. गावापुढे एक खाडी होती, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस. गावाचं सगळं पोट त्या खाडीवर. शेती नाही, गुरं नाहीत. मासे आले तरच चूल पेटायची.

या गावात एक रीत होती. मासे साफ करून झाले की डोकी, शेपट्या, आतडी यांची पहिली पाटी खाडीत ओतायची आणि म्हणायचं, "खालच्या मंडळींनो, जेवून घ्या." ही मंडळी कुणीच पाहिली नव्हती. पाहणार कशी? ते होते जिवाणू, सुईच्या टोकावर अख्खं गाव मावेल इतके बारीक. मेलेलं जे काही तळाशी येईल, मासा असो की शेवाळ, ते खाऊन ते त्याचा पार भुगा करत. त्यातलं थोडं चिखलात कायमचं गाडलं जाई. थोडं त्यांच्या श्वासावाटे वायू होऊन पाण्यात आणि हवेत जाई. उरलेल्याचं खत होई. वसंतात ऊन आलं की तो वायू आणि ते खत घेऊन पाण्यात बारीक शेवाळ वाढे, खाडी हिरवीगार होई, आणि त्या हिरव्या पाण्यामागे मासे येत. थंडीमुळे या मंडळींचं काम मात्र फार सावकाश चाले. आणि त्या कामाला जो वास येई, तो विचारूच नका.

गावाची मुखिया एक विधवा बाई होती. कर्तबगार, हुशार, आणि घाणीचा मनस्वी तिटकारा असलेली. एका उन्हाळ्यात गावातली पोरं जुलाबाने आजारी पडू लागली, तेव्हा तिने शिंपले भाजून चुना केला आणि विहिरीत टाकला. पोरं बरी झाली. गावाने तिला डोक्यावर घेतलं, आणि इथेच घोटाळा झाला. एकदा हाताला यश आलं की माणसाला जिथे तिथे तेच औषध दिसायला लागतं. काठचा बुळबुळीत चिखल आणि तो वास यांना ती आधीच कंटाळली होती. तिने ठरवलं, आता खाडीतही चुना टाकायचा.

विरोध केला तो एकट्या तिच्या सासऱ्याने.

"सूनबाई, विहीर आपली आहे," तो म्हणाला. "खाडी खालच्या मंडळींची आहे."

"मामंजी, तिथे चिखलाशिवाय कुणी नाही."

म्हातारा वाद घालत बसला नाही. त्याच्या झोपडीखाली, दगडी बांधाआड, खाडीचा एक छोटा कोपरा होता. चुन्याच्या होड्या आल्या तेव्हा तो वल्हं आडवं धरून बांधावर बसून राहिला. सासऱ्याला हाताला धरून उठवणं तिला बरं वाटेना, म्हणून तेवढा कोपरा तिने सोडला. बाकी खाडीत पोत्यांमागून पोती रिकामी झाली.

थोड्याच दिवसांत खाडी अशी नितळ झाली की तळाचा दगड न् दगड मोजावा. वास गेला. लोक मुखियाचं कौतुक करताना थकेनात. एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. पाण्यात टाकलेली माशांची डोकी तळाशी जशीच्या तशी पडून होती. डोळेसुद्धा तसेच, उघडे आणि चकचकीत. तिथे ती खाणारं कुणी उरलंच नव्हतं.

मग हिवाळा आला. खाडी गोठली, पलीकडच्या किनाऱ्यापर्यंतचा समुद्रही गोठला. गाव सुकी मासळी खात वसंताची वाट पाहू लागलं.

वसंत आला. ऊन आलं, खाडीवरचं बर्फ फुटलं. लोक रोज सकाळी काठावर जाऊन पाणी बघत. पाणी नितळच होतं. मासळीच्या मडक्यांचा तळ दिसू लागला, बायका पोरांच्या ताटात आपला घास सरकवू लागल्या, तरी पाणी हिरवं होईना. तिकडे पलीकडे जाणारी बर्फाची वाटही पातळ होत चालली होती. चालताना पायाखाली करकर आवाज येई. ती वाट तुटली की फुटक्या बर्फातून होड्याही चालणार नाहीत, गाव बेटावर अडकणार, आणि खायला काही नाही.

गावाने ठरवलं, उद्या सकाळी सगळ्यांनी निघायचं. पण म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले होते. त्याला चालवणार नव्हतं, आणि घसरगाडीचं ओझं त्या बर्फाला पेलणार नव्हतं. नवरा गेल्यावर याच माणसाने मुखियाला उभं केलं होतं, आणि आता त्यालाच मागे सोडायचं होतं.

सकाळी ती निरोप घ्यायला गेली तेव्हा म्हातारा बांधावर बसला होता. तिच्याकडे न बघता त्याने बादली पाण्यात बुडवली आणि तिच्यापुढे ठेवली.

बादलीतलं पाणी हिरवं होतं.

वाकून तिने कोपऱ्याच्या तळाशी पाहिलं. तिथे माशांची निव्वळ हाडं होती, साफ चाटून पुसून ठेवलेली. बांधाच्या पलीकडे, चुन्याच्या बाजूला, शरद ऋतूतलं एक डोकं उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होतं. आपण काय करून बसलो, ते तिला त्या डोळ्यांनी सांगितलं.

काठावर गाव गाठोडी बांधून उभं होतं. तिने आडपडदा ठेवला नाही. खाडी मीच मारली, असं तिने सगळ्यांना सांगितलं. चुन्याचा जोर आता ओसरला आहे, म्हाताऱ्याच्या कोपऱ्यातला चिखल खाडीभर पसरला तर खालची मंडळी पुन्हा वस्ती करतील, असंही सांगितलं.

"आणि नाही केली तर?" एका कोळ्याने विचारलं. "वाट आजच आहे. उद्या नसेल."

"तर मी उपाशी मरेन," ती म्हणाली. "पोराबाळांच्या आयांनी जावं. माझ्या घरातली मासळी त्यांनी बरोबर घ्यावी. कुणाला थांबायचं असेल तर फावडं घेऊन या."

बहुतेक लोक गेले. थोडे थांबले. दुपारी समुद्राकडून मोठा आवाज झाला आणि वाट तुटली. मागे वळून कुणी पाहिलं नाही, कारण पाहून उपयोग नव्हता.

त्यांनी बांध फोडला. गोठवणाऱ्या पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून, त्या बुळबुळीत, घाणेरड्या चिखलाच्या पाट्या खाडीभर ओतल्या. सगळ्यांत पुढे मुखिया होती. चिखल संपला आणि वाट पाहणं सुरू झालं. हे काम फावड्याहून अवघड. दिवस गेले, भुकेने माणसं भिंतीला टेकून बसू लागली, आणि पाणी तसंच नितळ. थांबलेले लोक तिच्याशी बोलेनासे झाले.

"मामंजी, ते मेले असतील का हो?" तिने विचारलं.

"थंडीत कोण घाई करतं, सूनबाई?" म्हातारा म्हणाला. पण त्याचाही आवाज खोल गेला होता.

रोज ती काठाशी जाऊन त्या एका माशाच्या डोक्याकडे बघे. एका सकाळी त्याचा डोळा तिला जरासा पांढुरका वाटला. पुढे डोळा गेला, मांस सुटू लागलं. आणि मग एके दिवशी वाऱ्याबरोबर खाडीवरून कुजक्या मासळीचा सणसणीत वास आला, ज्याच्यासाठी तिने पोती पोती चुना ओतला होता तोच वास. मुखिया छाती भरभरून तो वास घेत काठावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

त्यानंतर पाणी हिरवं झालं. उशिरा झालं, पण झालं. हिरव्यामागे मासे आले, आणि पलीकडे गेलेले लोक होड्यांतून परतले.

त्या वर्षीच्या पहिल्या मासळीची पहिली पाटी मुखियाने स्वतः उचलली. एका हाताने नाक दाबलेलं होतं, कारण वासाची सवय तिला कधीच झाली नाही. दुसऱ्या हाताने तिने पाटी पाण्यात ओतली आणि खालच्या मंडळींना जेवून घ्यायला सांगितलं.

तात्पर्य एवढंच: जे डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला सोसत नाही, त्याला घाण म्हणून संपवण्याआधी आपलं ताट कोण भरतं ते विचारावं.